लाल फ्लॅटवर्म: औषध देऊनही ‘ये रे माझ्या मागल्या’ का होतं?

तक्रार ठरलेली असते. रीफ टँकच्या, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या, वाळूवर, मागच्या काचेवर, मशरूम कोरलच्या कडेला गंजाच्या रंगाचे चपटे ठिपके दिसतात. हेच लाल फ्लॅटवर्म नावाचे किडे. सुरुवातीला चार-पाच असतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मग एक दिवस दिवे लागून दोन तास होतात आणि वाळू लालसर दिसायला लागते. औषध आणलं जातं, टाकलं जातं, किडे मरतात, टँक स्वच्छ होतो. दीड-दोन महिन्यांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा ठिपके. दुसरा डोस, तिसरा डोस, आणि शेवटी ‘आता या औषधाला ते सरावले’ असा निष्कर्ष.

बहुतेक वेळा ते औषधाला सरावलेले नसतात. थोडेसे वाचलेले असतात, आणि ज्या परिस्थितीत पहिल्यांदा वाढले तीच परिस्थिती त्यांना पुन्हा मिळालेली असते. डोस वाढवण्याआधी हा प्राणी जगतो कसा ते बघू, कारण उपाय सगळा त्यातच आहे.

आधी खात्री करा की हा तोच किडा आहे

निळे दिवे बंद करा, पांढरा प्रकाश लावा. मेडिकलमधून आणलेल्या २० मिलीच्या सिरिंजने (सुई न लावता) दोन-तीन किडे ओढून पांढऱ्या वाटीत टँकच्याच पाण्यात सोडा आणि भिंगातून बघा. लाल फ्लॅटवर्म ३ ते ५ मिलिमीटरचा असतो आणि मागच्या टोकाला त्याला तीन टोकं असतात, मधलं आणि दोन बाजूंची. वाटीच्या तळावर तो वळवळत नाही, सरळ घसरत जातो. नशीब असेल तर एखाद्याच्या मागच्या टोकांच्या बेचक्यात अजून एक छोटा जीव चिकटलेला दिसेल. ते त्याचं पिल्लू. गंमत म्हणजे त्याचं डोकं आईच्या बरोबर उलट दिशेला असतं, त्यामुळे दोघं दोन बाजूंना ओढ घेताना दिसतात. हे एकदा डोळ्यांनी बघाच. नंतरचा सगळा त्रास कुठून येतो ते तिथेच कळतं.

याचं शास्त्रीय नाव कॉन्व्होल्यूट्रिलोबा. त्यातली रेट्रोजेमा ही जात १९८८ मध्ये नोंदली गेली, लाँगिफिसुरा १९९७ मध्ये आणि मॅक्रोपायगा २००७ मध्ये. मॅक्रोपायगा तर चक्क मत्स्यालयातच सापडली, समुद्रात नाही. काचेच्या पेटीतलं आयुष्य या प्राण्यांना किती मानवतं, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

लाल नसेल तर काय असू शकतं, तेही थोडक्यात. मशरूमवर किंवा बबल कोरलवर गोल, तपकिरी, चकतीसारखे किडे चिकटून बसले असतील आणि जागचे फारसे हलत नसतील, तर तो बहुधा वामिनोआ. तोही याच्याच नात्यातला, उपायही जवळपास हेच. पांढुरके, पारदर्शक, काचेवर एकेकटे फिरणारे बारीक किडे निरुपद्रवी असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोन सेंटिमीटरहून मोठा, पानासारखा, रात्री बाहेर पडणारा आणि गोगलगायी किंवा क्लॅम रिकामे करणारा किडा दिसला, तर तो पॉलिक्लॅड. रात्री टॉर्च घेऊन बसा आणि चिमट्याने उचला, त्याला दुसरं औषध नाही. आणि ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कडक कोरलवर गोल, फिकट चावे दिसत असतील तर प्रकरण वेगळं आहे. त्याबद्दल शेवटी.

तो जगतो कसा

या किड्याच्या अंगात एकपेशीय शैवाल असतं. किडा उजेडात जाऊन बसतो, शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं, त्यातला वाटा किड्याला मिळतो. म्हणून तो दिवे लागल्यावर वर येतो आणि चांगला प्रकाश असलेल्या सपाट जागा धरून बसतो. कोरलची जागाही तीच, त्यामुळे त्रास होतो. तो कोरल खात नाही. त्यावर पांघरूण घालतो, प्रकाश अडवतो, आणि झाकलेलं मशरूम किंवा झोआ (कोरलच्याच नात्यातला जीव) हळूहळू मिटून आकसत जातं.

नुसत्या प्रकाशावर मात्र तो भागवत नाही. कोपेपॉड आणि आर्टिमियासारखे बारीक जीव तो पकडून खातो, स्वतःचं अंग त्यांच्याभोवती गुंडाळून. त्याला आतडं नाही. खाल्लेलं अन्न थेट अंगाच्या गाभ्यातल्या पेशींमध्ये जिरतं. जास्तीचं खाणं पडणारा, कोपेपॉड भरपूर असलेला आणि वर तगडे दिवे असलेला टँक म्हणजे त्याला दोन्हीकडून जेवण. तीन दिवस दिवे बंद ठेवण्याचा उपाय म्हणूनच फसतो. शैवालाचा पुरवठा थांबतो, शिकार चालूच राहते, आणि दरम्यान कोरल मात्र उपाशी.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. वाढायला त्याला जोडीदार लागत नाही. रेट्रोजेमा मागच्या टोकाला कळी काढतो, ती सुटून स्वतंत्र किडा होते. लाँगिफिसुरा अंगाचा मागचा तुकडा सोडतो आणि तो तुकडा उभा चिरून त्याचे पुन्हा दोन होतात. मॅक्रोपायगाला कळ्याही येतात आणि तो अंडीही घालतो. थोडक्यात, एक किडा उरला म्हणजे सगळे उरले. ९९ टक्के मारल्याचं समाधान इथे काही कामाचं नाही, पुन्हा लाल वाळू दिसायला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.

वाहत्या पाण्यात गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची पकड टिकत नाही. जोराच्या झोतात सुटतो, वाहतो आणि जिथे पाणी थबकतं तिथे पुन्हा बसतो: दगडामागे, ओव्हरफ्लोच्या पेटीत (जिथून पाणी खाली उतरतं), सम्पच्या (टँकला जोडलेल्या फिल्टर-टाकीच्या) शेवाळाच्या कप्प्यात. पॉवरहेडने (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाने) किंवा बास्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) किडे उडवून लावणारे लोक त्यांना टँकभर वाटत असतात. उडवायचं नाही, ओढायचं.

मग औषध का फसतं

लोकांच्या टँकमध्ये जे वारंवार दिसतं ते असं. डोस मोजताना फक्त मुख्य टँकचं पाणी धरलेलं असतं, सम्प विसरलेला असतो. किंवा उलट, टँकचं बाहेरचं माप धरलेलं असतं आणि दगड-वाळूने अडवलेली जागा वजा केलेली नसते. कार्बनची पिशवी सम्पमध्येच राहते आणि औषध किड्यांपर्यंत पोचायच्या आत शोषून घेते. ओव्हरफ्लो, पाइप, शेवाळाचा कप्पा यांत पंप बंद असल्याने औषध जातच नाही. बाजूला फ्रॅग टँक (कोरलचे तोडलेले तुकडे, म्हणजे फ्रॅग, वाढवायची टाकी) असतो, त्यात किडे असतात आणि तीच जाळी, तोच चिमटा दोन्हीकडे वापरला जातो. आणि औषध देऊन झाल्यावर खाणं, प्रवाह, प्रकाश यांतलं काहीच बदललेलं नसतं.

एक मुद्दा औषधाच्या निवडीचा. हे किडे दिसायला चपटे असले तरी खऱ्या चपट्या कृमींच्या कुळातले नाहीत. १९९९ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून अ‍ॅसील नावाचा हा गट त्या कुळातून बाहेर काढला गेला. त्यामुळे माशांच्या फ्लूकसाठी (अंगावरच्या परजीवी कृमींसाठी) घरात पडून असलेलं प्राझिक्वांटेल याच्यावरही चालेल असं धरून चालू नका, त्याचा इथे भरवसा नाही. जनावरांच्या जंतांवरचं लेव्हामिसोल, किंवा रीफ टँकसाठी मिळणारं तयार फ्लॅटवर्म औषध, यांचा अनुभव जास्त चांगला आहे. मी तयार औषधाच्याच बाजूचा आहे. जनावरांच्या औषधात बाकी काय मिसळलंय हे बाटलीवर नेहमी स्पष्ट नसतं, आणि २५० लिटर पाण्यासाठी मिलिग्रॅमचा हिशेब घरी मांडताना शून्य इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

करायचं काय

पहिला आठवडा औषधाला हात लावू नका. रोज दिवे पूर्ण जोरात असताना, म्हणजे किडे सगळ्यात जास्त बाहेर असताना, एअरलाइनची बारीक नळी घेऊन सायफन करा. नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या अगदी बारीक विणीच्या फिल्टर सॉकमध्ये (कापडी गाळणीत) सोडलंत तर पाणी वाया जात नाही, किडे सॉकमध्ये अडकतात. सॉक लगेच काढून नळाच्या गोड्या पाण्यात बुडवा. गोड्या पाण्यात हे किडे काही क्षणांत फुटतात. मशरूमच्या कडा आणि वाळूचा समोरचा पट्टा आधी, मग काच. वाळूचा वरचा थर थोडा ओढला गेला तरी चालेल.

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. पण मेल्यावर या किड्यांच्या अंगातून जे बाहेर पडतं ते बाकी टँकला विषारी असतं, आणि एकदम हजारो मेले तर सडणाऱ्या मांसाने पाण्यातला प्राणवायूही घसरतो. औषधाने मासे मेले असं ज्यांना वाटतं, त्यांचे मासे बऱ्याचदा मेलेल्या किड्यांनी मारलेले असतात. आधी हाताने जितके काढाल तितका औषधाचा दिवस सुरक्षित.

मग पाण्याचा हिशेब. समजा टँक ४ फूट बाय १.५ फूट बाय १.५ फूट आहे. ९ घनफूट म्हणजे साधारण २५५ लिटर. पाण्याची पातळी काठापासून दोन-तीन इंच खाली असते, दगड आणि वाळू आहे, म्हणजे आत खरं पाणी २०० लिटरच्या आसपास. त्यात सम्पमधलं चालू पाणी मिळवा, समजा ६० लिटर. डोस २६० लिटरचा. बाटलीवर जे प्रमाण दिलंय तेच धरा.

डोसच्या आदल्या दिवशी एक छोटी चाचणी घ्या. एक लिटर टँकचं पाणी, त्यात पंधरा-वीस किडे आणि त्याच प्रमाणात औषध. तासाभरात किडे आखडून, पकड सोडून तरंगायला लागले तर प्रमाण बरोबर. काही ढिम्म बसून राहिले तर औषध जुनं झालंय किंवा प्रमाण कमी पडतंय, हे टँकमध्ये नाही तर वाटीत कळलेलं बरं.

तयारी करून ठेवायची ती अशी: एकूण पाण्याच्या ३० टक्के तयार खारं पाणी, त्याच तापमानाचं आणि त्याच क्षारतेचं. वरच्या उदाहरणात ते ७५-८० लिटर होतं, म्हणजे जवळपास तीन किलो मीठ. हे पाणी आदल्या रात्रीच ढवळत ठेवा. ताजा कार्बन आरओच्या पाण्यात धुऊन, पिशवीत भरून हाताशी. एअर पंप आणि एअर स्टोन चालू करून बघितलेला. पुण्यातल्या मंडळींनी हा कार्यक्रम गुरुवारी ठेवू नये. दुरुस्तीसाठी वीज जायची शक्यता त्याच वारी, आणि पंप बंद पडलेल्या टँकमध्ये औषध आणि मेलेले किडे हे सगळ्यात वाईट समीकरण आहे.

डोसच्या दिवशी सकाळी दिवे लागून किडे बाहेर आले की शेवटचा सायफन करा. कार्बन, यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) बंद. सम्पमधलं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप मात्र चालूच राहिला पाहिजे, सम्पमध्येही औषध फिरायला हवं. औषध टँकच्या पाण्यात पातळ करून, जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे सावकाश ओता. थोड्या वेळात किडे सुटून पाण्यात फिरायला लागतात. या वेळी हातात नळी हवी. तरंगणारा प्रत्येक किडा सडायच्या आधी बाहेर काढायचा. दगडांच्या फटींवर आता सिरिंजने पाणी मारायला हरकत नाही, लपलेले बाहेर येतात. बाटलीवर लिहिलेली वेळ झाली, किंवा त्याआधीच मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर लगेच कार्बन, स्किमर, एअर स्टोन आणि पाणी बदल. मासे धापा टाकत असताना ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणणाऱ्याचा टँक वाचताना फारसा दिसत नाही.

त्याच दिवशी फ्रॅग टँकही उरका, असेल तर.

दुसरा डोस आठवड्याच्या आसपास, एकही किडा दिसत नसला तरी. पहिल्यातून वाचलेले कुठे तरी फटीत असतातच, आणि पुरेशा कळ्या येण्याआधी त्यांना गाठायचं असतं. या डोसला मरणारे कमी, म्हणून धोकाही कमी. पण तयारी तीच.

औषधाने बाकीच्या कृमींनाही झळ बसते हे लक्षात असू द्या. फेदर डस्टर आणि वाळूतले ब्रिसल वर्म काही प्रमाणात जातील. ते जाताना अमोनिया वाढतो, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस खाणं निम्म्यावर.

जागा बदलल्याशिवाय सुटका नाही

औषधानंतरचा महिना खरा. वाळूवर पाणी थबकतंय ते कोपरे शोधा (चिमूटभर फ्रोझन खाणं सोडून ते कुठे जाऊन बसतं ते बघितलं की कळतं) आणि पॉवरहेडचा कोन बदला. एकाच दिशेने सतत झोत मारण्यापेक्षा आलटून पालटून दिशा बदलणारा प्रवाह बरा. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आत आणावं, पण शून्यावर नेण्याचा हट्ट नको. तिथे किड्यांच्या आधी कोरल हात टेकतात.

जुन्या टँकमध्ये काही वेळा हे किडे आपणहून कोसळतात. महिनोन्महिने लाल असलेली वाळू कुणीही काही न करता पांढरी होते. संख्या आटोक्यात असेल आणि कोरल झाकले जात नसतील, तर नुसता सायफन चालू ठेवून वाट बघणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

मासे सोडले तर?

सिक्स-लाइन रॅस, पिवळा रॅस, मँडरिन: तिघांनाही हे किडे खाताना लोकांनी पाहिलंय, आणि तिघंही शेजारी किडे फिरत असताना ढुंकून न बघणारे निघालेत. मासा आवडतो म्हणून आणा, इलाज म्हणून आणू नका. सिक्स-लाइन छोट्या टँकमध्ये गुंड होतो हेही धरा.

खरा शिकारी एकच, केलिडोन्युरा व्हेरियन्स. काळ्या मखमलीवर निळी रेघ असलेली ही समुद्री गोगलगाय या प्रकारच्या किड्यांवरच जगते. दिसायला इतकी देखणी की दुकानात बघताच घ्यावीशी वाटते. पण किडे संपले की ती उपाशी मरते, आणि त्याआधी पॉवरहेडमध्ये जाण्याची शक्यता असतेच. चार जणांच्या टँकमध्ये फिरवत ठेवायची तयारी असेल तरच तिचा विचार करावा.

येतात कुठून, जातात कुठे

नव्या फ्रॅगवरून, झोआच्या प्लगखालून (तुकडा चिकटवलेल्या छोट्या चकतीखालून), कोणी प्रेमाने दिलेल्या शेवाळाच्या पुंजक्यातून. क्रॉफर्ड मार्केटमधून आणा किंवा मित्राकडून, वाट तीच. झोआ आणि मशरूमना तापमान जुळवलेल्या आरओच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून हलवलं की किडे गळून पडतात. झेनिया (एक मऊ कोरल) आणि एसपीएस (ॲक्रोपोरासारखी कडक कोरल) यांना हा धक्का सोसत नाही. त्यांना कोरल डिपमध्ये (किडे गळवणाऱ्या औषधी पाण्यात) बुडवा. शेवाळ शक्यतो घेऊच नका. आणि जिवंत दगड फुकट मिळतो म्हणून कोकणातल्या किनाऱ्यावरून उचलू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तो गुन्हा आहे.

सायफन केलेलं पाणी, सॉक, काढलेले दगड, शेवाळ हे खाडीत किंवा समुद्रात टाकणं तितकंच वाईट. कौलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पसरत गेलं. आपल्या मुंबईच्या बंदरात अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांकडची मायटिलॉप्सिस सॅली ही शिंपली जहाजांबरोबर येऊन ठाण मांडून बसलेली आहेच. एका तुकड्यापासून वाढणारा जीव तिथे सोडायचा नाही. बादलीत गोडं पाणी घ्या, सगळं त्यात रात्रभर राहू द्या, मग ओता.

ॲक्रोपोरावर चावे असतील तर

वर लिहिलेलं औषध-प्रकरण इथे लागू होत नाही. हा किडा खरा चपटा कृमी आहे. २०११ मध्ये अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरे म्हणून नोंदला गेला, नंतर प्रॉस्थियोस्टोमम गटात गेला, आणि ऑस्ट्रेलियात लिझार्ड आयलंडजवळच्या प्रवाळांवरही सापडला. त्याचा रंग खाल्लेल्या कोरलचाच असतो, म्हणून तो दिसत नाही. दिसतात ते गोल फिकट चावे आणि फांदीच्या बुडाशी उघड्या सांगाड्यावर चिकटवलेले तपकिरी अंड्यांचे पुंजके. डिपने मोठे किडे गळतात, अंडी तशीच राहतात. २७ अंश तापमानाला त्याचं जीवनचक्र सुमारे ३८ दिवसांचं आहे. म्हणून एक डिप करून थांबणारा हमखास फसतो. सगळे ॲक्रोपोरा बाहेर काढून वेगळ्या टाकीत ठेवा, दर आठवड्याला डिप, अंडी नखाने किंवा ब्लेडने खरवडून काढा, आणि हे किमान सहा आठवडे. तेवढे दिवस मुख्य टँकमध्ये एकही ॲक्रोपोरा नको. दुसरं काही खायला नसल्याने तिथले किडे उपाशी मरतात. इथे मात्र सिक्स-लाइन रॅस आणि पेपरमिंट कोळंबी यांचा उपयोग प्रयोगांत दिसलाय. रॅस किडे टिपतो, कोळंबी किड्यांबरोबर अंडीही खाते. डिपच्या भांड्यात खाली काय पडलं ते दर वेळी पांढऱ्या ताटात ओतून बघा. लागोपाठ तीन डिपमध्ये काही पडलं नाही आणि फांद्यांच्या बुडाशी नवं अंडं नसेल, तर प्लग तोडून टाकून कोरल नव्या प्लगवर चिकटवा आणि मगच परत न्या.